धोपा

शाळेमागं काही नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले होते.
काटोल रोडकडची सिमेंटची भिंत, टाकीचा गळका नळ,
मोडक्या बाकांचा ढीग आणि झुडपं-बिडपं.

त्या बिडपंमध्ये मी सातवी ब सोडली.
प्रत्येकाच्या हाती जुन्या पेपरची घडी,
पाच जणांत एक भिंग, सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं.
नियम एकच: मुळासकट उपटायचं ते फक्त
ज्याचे दहा भाऊबंद शेजारी उभे आहेत.

सप्टेंबरचं चिकट ऊन. पाऊण तासात एक्केचाळीस नावं.
कंबरमोडी, खरचटल्यावर चोळतात ती.
तरोटा, ज्याची पानं अंधारात मिटतात,
असं सम्यक रामटेके सांगतो.
अंधारात तो शाळेमागं काय करतो, ते मी विचारलं नाही.
आघाडा कोणीच आणला नाही,
तो पायमोज्यांना धरून आपला आपण आला.
टाकीच्या ओलीत नेचा, पानामागं तपकिरी ठिपके.
"मॅडम, रोग पडला याच्यावर."
भिंगातून बघ, म्हटलं.
मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

व्हरांड्यात खडूची वर्तुळं.
पहिली खेप तुमची, मी तोंड उघडणार नाही.
त्यांनी लावलं:
बकरी खाते. बकरी खात नाही. खाज सुटते. पूजेला लागते.
आणि कोपऱ्यात एक मोठा गट: फक्त हितांशूला माहीत आहे.
मला हसू आलं, मग जरा ओशाळले.
पुस्तकातले गटही असेच,
कोण्या हितांशूला कधीतरी माहीत होते म्हणून.

दुसरी खेप माझी.
शिरा समांतर, इकडे. शिरांचं जाळं, तिकडे.
मुळांचा झुपका, इकडे. सोटमूळ, तिकडे.
दूर्वा इकडे, ज्वारीचा एक चुकार धांडा इकडे,
रुई, एरंड, तरोटा तिकडे,
सगळं इतकं सुरळीत
की मी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात नळामागून रोशनी उईके.
कोपरापर्यंत चिखल, हातात सुपाएवढं पान,
खाली गड्डा, गड्ड्याला मुळांची दाढी.
"मॅडम, हा धोपा कुठं ठेवू?"
पुस्तकात अळू म्हणतात त्याला.
"म्हणू द्या. आमच्या घरी त धोपाच व्हय."

पान उजेडाला धरलं: जाळं.
मुळं पाण्यात हलवली: झुपका.
पान तिकडे ओढतं, मूळ इकडे,
आणि खडूच्या रेघेवर रोशनी उभी,
दोन्ही हातांनी ते तोलून धरलेली.
धोप्यावर थेंब टाकला की सगळे पाहतात
आता कुठं घरंगळतो,
तशी अडतीस पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मला उत्तर पाठ होतं: एकदलच, शिरांचा नियम मोडणारं.
ते मी तोंडात धरून ठेवलं
कच्च्या धोप्यासारखं, घशाला खाज सुटेपर्यंत.

भांडण जुंपलं. पानवाले, मूळवाले.
हितांशू म्हणाला, मधून कापा.
मग रोशनीनंच, गड्डा खाली ठेवत:
"एकदल म्हणजे बीचं ना, मॅडम?
मंग आपण पानं काहून पाहून राहिलो?"

अकरा वर्षं हा धडा शिकवते आहे.
अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.

घंटा झाली. वर्तुळं तशीच राहिली,
धोपा रेघेवर, कडा आत वळवत.
शेवंताबाई झाडू घेऊन आल्या, त्याला वळसा घालून गेल्या.

संध्याकाळी वह्या तपासल्या.
सदतीस वह्यांत अळू, एकदल, बरोबर;
कोणीतरी घरी पुस्तक उघडलं असणार.
अडतिसावीत, पेन्सिलनं:
नाव, धोपा.
गट, बी सापडलं की लिहू.

मी लाल पेन उघडलं
आणि बराच वेळ तसंच धरून बसले.